पुढल्या आसनावरचे गुरुजी

महात्माजींच्या निधनास बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, म्हणजे १९४९ च्या जानेवारीच्या ३० तारखेस, हिंदुस्थान सरकारच्या टपाल खात्याने रात्रीच्या हवाई टपालाची योजना अंमलात आणली; आणि रेल्वेचे एक मोठे जंक्शन व जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी एवढीच तोवर ज्याची मातब्बरी होती, ते नागपूर शहर एका रात्रीत साऱ्या देशाच्या पत्रव्यवहाराचे मध्यस्थान होऊन बसले. दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीतील ही योजना. तिच्या मागोमाग, त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून, देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचा हुकूमही सुटला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या मागेपुढे ती चारही सोनेगावच्या धावपट्टीवर उतरत. टपालाच्या थैल्यांची आपापसात अदलाबदल होई. आणि जे विमान ज्या गावचे, ते त्याच गावी, परंतु उरलेल्या तिन्ही गावांची पत्रे पोटात घेऊन, उजाडता उजाडता परत जाई. मद्रासेस संध्याकाळी पेटीत टाकलेले पाकीट दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या पोस्टमनच्या हाती पडे. आजच्या वाचकास यात नवल वाटणार नाही, पण आगगाडीच्या वेगाने विचार करण्याची सवय झालेल्या त्या पिढीला हा चमत्कारच वाटला असला पाहिजे.

आरंभी हे काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या कंपनीकडे होते; ते काही महिन्यांतच थांबले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशनने ते पुन्हा उचलले. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले, तेव्हा त्या महामंडळाच्या वाट्यास ७४ डकोटा, १२ व्हायकिंग आणि ३ स्कायमास्टर विमाने आली, आणि त्यांच्याबरोबर नागपूरच्या या मध्यरात्रीच्या बाजाराची जबाबदारीही आली. १९७३ च्या ऑक्टोबरात तो बाजार कायमचा उठला. सीताबर्डीजवळच्या झीरो माईलच्या दगडावरून नागपूर हे देशाचे मध्य आहे असे आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या दगडाच्या इतिहासाविषयी जाणकारांत मतभेद आहेत, पण टपाल खात्याने चोवीस वर्षांहून अधिक काळ नागपूरला जे मध्य मानले, त्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही.

सीताबर्डीच्या दक्षिणेस, वर्धा रोडच्या कडेने वसलेली आमची धंतोली ही वकील, प्राध्यापक आणि डॉक्टर मंडळींची वस्ती. रामकृष्ण मठ, बगीचा, झाडांच्या सावलीतले बैठे बंगले आणि त्यांना लागून दाटीने आलेली इस्पितळे, असे तिचे स्वरूप टप्प्याटप्प्याने बनत गेले. याच वर्धा रोडने पुढे अजनी मागे टाकून काही मैल गेले की सोनेगावचा विमानतळ लागतो. नागपूरचा उन्हाळा ज्याने भोगला आहे त्याला गच्चीवर अंथरूण टाकण्याचे प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाही. आणि अशा रात्री डोक्यावरून जाणाऱ्या डकोटांची घरघर ऐकून 'दिल्लीची आली', 'आता कलकत्त्याची' असा हिशेब करणारी माणसे या शहरात एकेकाळी घरोघर होती. पण त्या घरघरीच्या आत, अंधारात, कंदिलाएवढ्या दिव्यांच्या खुणेवर ते धूड नेमके जमिनीला टेकविणारा जो माणूस बसलेला असे, त्याला हे शिकविले कोणी, असा प्रश्न गच्चीवरच्या कोणास पडल्याचे ऐकिवात नाही.

मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि हा लेख त्याच्याच उत्तरासाठी आहे. आपल्या देशाच्या विमानविद्येचा इतिहास लिहिताना आपण प्रथम क्रमांकांची यादी करतो. १० फेब्रुवारी १९२९ रोजी ज्यांना या देशात मिळालेला पहिला वैमानिक परवाना प्राप्त झाला ते जे. आर. डी. टाटा, आगाखानांनी लावलेले पाचशे पौंडांचे पारितोषिक १९३० साली इंग्लंड-हिंदुस्थानचा प्रवास एकट्याने करून ज्यांनी जिंकले ते अस्पी इंजिनियर, आणि त्याच शर्यतीत उलट दिशेने निघालेल्या टाटांनी इजिप्तमधील अबुकीरच्या तळावर अडकून पडलेल्या या प्रतिस्पर्ध्यास आपल्याजवळचे स्पार्क प्लग देऊन वाटेस लावले ती सुंदर हकीकत. हे सारे आपल्याला पाठ आहे, आणि पाठ असावे हेही योग्यच. परंतु या प्रत्येक वैमानिकाच्या लॉगबुकाची पहिली पाने उघडली तर तेथे 'ड्युअल' या रकान्यातले तास प्रथम येतात, 'सोलो'चे नंतर. आणि ज्याने ते ड्युअलचे तास दिले, त्याच्या वाट्यास शिष्याच्या दप्तरातली एक आखूड सही येते, याहून अधिक काही नाही. या लेखाचा नायक त्या सहीचा धनी आहे. तो जुहूस होता, डमडमला होता, सोनेगावास होता. नावे वेगवेगळी, पेशा एक.

हा पेशा मुळात निर्माण कसा झाला, ते सांगण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. पहिल्या महायुद्धाच्या पूर्वार्धात ब्रिटिश हवाई दलात उड्डाण शिकविण्याची अशी काही पद्धतच नव्हती. आघाडीवर थकलेले, धास्तावलेले अथवा जखमी झालेले वैमानिक विश्रांतीसाठी म्हणून शिक्षक नेमले जात, आणि ही मंडळी आपल्या विद्यार्थ्यांना 'हूण' म्हणत, म्हणजे शत्रूला जे नाव होते तेच. कारण जीव जाण्याचा संभव जितका जर्मनांकडून, तितकाच या पोरांकडूनही. विद्यार्थी शिक्षकाच्या खांद्यावरून डोकावून पाही, फार तर दांड्याला हात लावी, आणि थोड्याच दिवसांत एकटा सोडला जाई. जे वाचले ते वैमानिक झाले. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाचा एक तऱ्हेवाईक, श्रीमंत अधिकारी होता. १९१४ च्या ऑगस्टात, युद्ध सुरू होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तोच, विमान कोसळून त्याचे दोन्ही पाय मोडले होते, आणि पुढे तो लंगडतच चालला. १९१६ साली सोमच्या रणधुमाळीत साठ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे आधिपत्य त्याच्याकडे आले, तेव्हा इंग्लंडहून आलेली कोवळी मुले शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच आपल्या विमानांच्या हातून कशी मरतात, हे त्याने रोज पाहिले. त्याने सेनापती ट्रेंचर्ड यांस पत्रांमागून पत्रे लिहिली. लष्करात अशा पत्रांचा शेवट बहुधा पत्रे लिहिणाराच्या बदलीत होतो; येथेही बदलीच झाली, पण ती गॉस्पोर्ट येथील प्रशिक्षणाच्या तुकडीवर, बोललेले करून दाखविण्यासाठी.

गॉस्पोर्टला त्याने जे केले ते आज इतके स्वाभाविक वाटते की त्यातली क्रांती नजरेस येत नाही. विद्यार्थ्याला त्याने प्रथम दिवसापासून वैमानिकाच्या आसनावर बसविले आणि शिक्षकाला दुसऱ्या. दोघांपुढे सारखीच साधने असलेले अॅव्रो ५०४ हे विमान त्याने पसंत केले. शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत एक नळी जोडली, जी पुढे 'गॉस्पोर्ट ट्यूब' या नावाने जगभर गेली, आणि इंजिनाच्या गदारोळात हातवारे व ओरडणे यांवर चाललेले अध्यापन तीमुळे प्रथमच शब्दांनी होऊ लागले. परंतु या साऱ्याहून महत्त्वाचा होता त्याचा सिद्धान्त: ज्या संकटांत विद्यार्थी मरतात ती टाळण्यास शिकविणे पुरेसे नाही, शिक्षकाने त्याला हेतुपुरस्सर त्या संकटात नेले पाहिजे आणि त्याच्याच हातून त्यातून सोडवून घेतले पाहिजे. शिक्षकांना शिकविणारी शाळाही त्याने १९१७ साली तेथेच काढली. विमान चालविता येणे ही एक विद्या आणि ते शिकविता येणे ही दुसरी, हा भेद येथे प्रथम सरकारी मंजुरीने मान्य झाला, आणि शिक्षकासाठी वेगळी परीक्षा व वेगळा दाखला यांची जी रीत आज सर्व देशांत आहे, तिचे मूळ या लंगड्या मेजराच्या हट्टात आहे.

हिंदुस्थानात ही विद्या क्लबांच्या मार्गाने आली. १९२८ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कलकत्ता व कराची येथे फ्लाइंग क्लब निघाले. सरकारने त्यांस डी हॅविलंड कंपनीची मॉथ विमाने आणि अनुदान दिले, श्रीमंतांनी वर्गणी दिली, आणि शिक्षक बहुतेक सारे महायुद्धातून निवृत्त झालेले ब्रिटिश वैमानिक आले. त्या वेळी हा श्रीमंतांचा शौक होता यात शंका नाही. जुहूच्या गवतावर सभासदांच्या मोटारी उभ्या राहत आणि चहाच्या टेबलावरून उड्डाणे पाहिली जात. पण शौकाच्या या पडद्याआड एक शिस्त मुरत होती. दुसरे महायुद्ध पेटताच त्याच क्लबांकडे सरकारने हवाई दलाच्या उमेदवारांना प्राथमिक धडे देण्याचे काम सोपविले. बेगमपेठ व जोधपूर येथे प्राथमिक उड्डाणशाळा निघाल्या. आणि मॉथची धाकटी बहीण टायगर मॉथ, १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन लावलेली, कापडाने मढविलेली, दोन पंखांची पिवळी विमाने, हिंदी वैमानिकांच्या एका सबंध पिढीची बाराखडी बनली. युद्ध संपले, इंग्रज गेले, आणि शिक्षकांच्या जागी हिंदी माणसे आली. स्वातंत्र्याच्या सुमारास उभा राहिलेला नागपूरचा फ्लाइंग क्लब हा या दुसऱ्या पर्वाचा.

टायगर मॉथमधला एक तास कसा असे, ते जरा जवळून पाहू, कारण आजच्या वैमानिकांनाही तो ऐकीव झाला आहे. नागपूरकडे उन्हाळ्यात हा तास पहाटेच घ्यावा लागे. दिवस वर आला की काळी जमीन तापून हवेचे लोंढे उसळतात आणि हलके विमान त्यांत हेलकावे खाते. शिवाय तापलेली हवा विरळ होऊन पंखांना पुरेसा आधार देत नाही व इंजिनाची ताकदही उतरते, त्यामुळे जानेवारीत जे विमान सहज उचलते तेच मेमध्ये धावपट्टी खात सुटते. तेव्हा उजाडण्यापूर्वी हँगरची दारे उघडत, विमान शेपटी धरून बाहेर काढले जाई. टायगर मॉथला ब्रेक नाहीत, आणि शेपटीखाली चाक नसून एक पट्टी असते, ती जमिनीत रुतून विमानाला आवरते. सुरू करण्यासाठी विजेचे साधनही नाही. पंख्यापाशी उभा राहिलेला मेकॅनिक 'स्विचेस ऑफ' असे पुकारून पंखा हाताने काही फेरे फिरवी, मग 'कॉन्टॅक्ट' असे पुकारी, आतून तेच उत्तर येई, आणि एका झटक्याने पंखा ओढून तो मागे सरे. बोटे शाबूत ठेवणे हा त्या पेशाचा पहिला धडा.

शिक्षक पुढल्या आसनावर बसे. हे अनोळखी माणसाला उलटे वाटते. पण मॉथची रचनाच अशी की एकटा वैमानिक मागेच बसला पाहिजे, नाहीतर तोल बिघडतो, म्हणून विद्यार्थ्याची जागा प्रथमपासून मागची, त्याच्या भावी एकटेपणाची. पुढली जागा अरुंद, वरच्या पंखाच्या मध्यभागी असलेली पेट्रोलची टाकी बरोबर डोक्यावर, आणि तेथे बसलेल्या गुरूला शिष्याचा चेहरा पाहायचा झाला तर खांबाला लावलेल्या छोट्या आरशातून. शिष्याला गुरूची फक्त मान दिसे. या मानेवरून गुरूची मर्जी ओळखण्यात जुने वैमानिक तरबेज असत, आणि मानेची शीर तट्ट झाली की आपण काहीतरी भयंकर केले आहे हे त्यांना नळीतून शब्द येण्यापूर्वीच कळे.

शब्द ठरलेले असत. त्यांना 'पॅटर' म्हणतात, आणि शिक्षकाचा दाखला मिळविण्यासाठी ते मुखोद्गत करावे लागतात: प्रत्येक क्रियेचे वर्णन, ती करीत असतानाच, तिच्या वेगाला जुळेल अशा लयीत. दांडा डावीकडे नेताना तोंडातून 'डावीकडे' हा शब्द हाताच्या आधीही निसटता कामा नये आणि मागाहूनही येता कामा नये. विमान चालवीत, आकाशात इतर कोणी जवळ नाही ना हे पाहत, इंजिनाचा कानोसा घेत आणि शिष्याचे मन ताडत हे बोलणे म्हणजे अष्टावधानी पंडिताचे काम. पण पंडिताची सभा चुकल्यास हसते, आणि येथे चुकल्यास सभाच उरत नाही. त्याखेरीज 'यू हॅव कंट्रोल' आणि 'आय हॅव कंट्रोल' ही दोन वाक्ये. विमान या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे याविषयी दोघांत एक क्षणही संशय राहू नये म्हणून तीही तशीच ठरलेली, आणि घरी मराठीशिवाय दुसरी भाषा न बोलणारी माणसे ती इंग्रजीतच म्हणत व अजूनही म्हणतात.

मग 'स्पिन'चा धडा. विमानाचा वेग अति कमी होऊन पंखांची उचल संपली आणि त्यातही एक पंख दुसऱ्याआधी ढासळला, की विमान नाक खाली करून स्वतःभोवती गरगरत पडू लागते. १९१२ पर्यंत यात सापडलेला माणूस वाचणे हा नशिबाचा भाग समजला जाई. त्या वर्षी २५ ऑगस्टला विल्फ्रेड पार्क नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या तरुण अधिकाऱ्याने असे पडत असताना, सारे उपाय थकल्यावर, अखेरच्या क्षणी रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, गिरकीच्या उलट दिशेने दाबला आणि विमान सावरले. खाली जमलेल्या जाणकारांनी ते पाहिले आणि टिपून ठेवले. तो बिचारा त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या अपघातात गेला. पण त्याची ती हालचाल पुढे पद्धतशीर होऊन टायगर मॉथच्या विद्यार्थ्यापर्यंत आली: थ्रॉटल बंद, गिरकीच्या उलट पूर्ण रडर, क्षणभर थांबणे, मग गिरकी थांबेपर्यंत दांडा पुढे. यातले कठीण काम दांडा पुढे करण्याचे. जमीन डोळ्यांसमोर गरागरा वर येत असताना माणसाचे सारे शरीर दांडा मागे ओढू पाहते, आणि जो ओढतो तो खोलात जातो. शिक्षक पुरेशा उंचीवर विमान नेऊन, मुद्दाम गिरकीत टाकून, हात मांडीवर ठेवून बसे. आपल्या प्राणांची सूत्रे वीस वर्षांच्या भेदरलेल्या मुलाच्या हाती देऊन, किती उशिरापर्यंत वाट पाहायची आणि कोणत्या क्षणी 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचे, हे ठरविणारा जो अंदाज त्याला असे, त्याला माझ्या मते धैर्यापेक्षा वेगळे नाव हवे. लवकर हात घातला तर मुलाला कधीच आत्मविश्वास येणार नाही, आणि उशिरा घातला तर दोघेही गेले. आणि हा हिशेब एकदा दोनदा नव्हे, दिवसात चार-पाच विद्यार्थ्यांबरोबर, वर्षानुवर्षे.

पहिल्या सोलोचा दिवस शिष्याला आधी सांगत नसत. दोन-तीन चांगली उतरणी झाली की शिक्षक विमान थांबवून खाली उतरे, पुढल्या आसनाचे पट्टे आत लोंबकळून दांड्याला अडकू नयेत म्हणून नीट बांधून ठेवी, आणि पंखाशेजारी उभा राहून एवढेच म्हणे, की विमानतळाभोवती एक सर्किट मारून ये. शिक्षकाचे वजन गेलेले विमान नेहमीपेक्षा लवकर उचलते आणि चटकन वर चढते, त्याने विद्यार्थी दचकतो. हे त्याला उड्डाणापूर्वी बजावून ठेवणे ही चांगल्या शिक्षकाची खूण मानली जाई. ती सहा-सात मिनिटे शिक्षक काय करीत असे याची वर्णने अनेकांनी केली आहेत: कोणी सिगारेट पेटवी, कोणी विमानाकडे पाठ करून उभा राही. लॉगबुकात नंतर 'सोलो' या रकान्यात पहिला आकडा पडे आणि सही होई.

या शिक्षकांना साजेसे विमान घरच्या घरी बनविण्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. गॉटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ते स्थिरावले. त्यांनी आखलेले एचटी-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी प्रथम आकाशात नेले. हवाई दलाच्या विद्यार्थ्यांनी त्यावर अनेक वर्षे धडे गिरविले. क्लबांच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे ठरले ते २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडालेले 'पुष्पक': एकच पंख, तोही डोक्यावर, ९० अश्वशक्तीचे इंजिन, आणि दोन आसने शेजारी शेजारी. अशी सुमारे दीडशे विमाने बनली आणि देशभरच्या क्लबांत वाटली गेली. पुष्पकाने अध्यापनाचा रागरंग बदलला. आरसा आणि नळी गेली. गुरू प्रथमच शिष्याच्या शेजारी बसला, त्याच्या कपाळावरचा घाम आणि दांड्यावर पांढरी पडलेली बोटे त्याला थेट दिसू लागली. जुनी मंडळी यावर कुरकुरत, की शेजारी माणूस दिसत असला की पोरे त्याच्या तोंडाकडे पाहून विमान चालवितात. त्यात तथ्य असेल. पण पुढल्या-मागल्या आसनांच्या काळात घाबरलेल्या विद्यार्थ्याने दांडा घट्ट आवळून धरला तर समोरच्या गुरूला त्याच्याशी केवळ ताकदीने झुंजावे लागे, हेही त्यांनी विसरू नये.

पैशाची गोष्ट करणे जुन्या लेखकांना रुचत नसे, तरी येथे ती टाळता येत नाही. क्लबात शिकून 'बी', म्हणजे व्यावसायिक, लायसन्स मिळविलेला मुलगा विमान कंपनीत रुजू होई आणि थोड्याच वर्षांत आपल्या गुरूच्या कितीतरी पट पगार घेई. १९४८ साली अलाहाबादेस बमरौली येथे नागरी विमानविद्येचे सरकारी शिक्षणकेंद्र निघाले, तेथून वैमानिक पुढल्या पायऱ्या चढत. पण पहिली पायरी बहुतेकांची कोठल्यातरी क्लबाच्या गवतावरच. कंपन्यांना माणसे हवी असत तेव्हा शिक्षकही सोडून जात, आणि त्यात त्यांचा दोष काढता येणार नाही. जो मागे राही त्याला राहण्याचे कारण कोणी विचारीत नसे. सरकारी अनुदानाची मंजुरी लांबली की पगार लांबे, सुटे भाग परदेशातून येईपर्यंत विमान उभे राही, आणि वेळी शिक्षकालाच हँगरात मेकॅनिकच्या जोडीस उभे राहावे लागे. हजारो तास उडूनही त्याचे जग विमानतळाभोवतीच्या दहा-पंधरा मैलांच्या वर्तुळात मावलेले असे. कराचीहून मुंबईस टपाल आणणाऱ्या टाटांचे १५ ऑक्टोबर १९३२ चे उड्डाण इतिहासात आहे. तितकेच अंतर एका सर्किटच्या तुकड्यातुकड्याने आठवड्याला कापणाऱ्या माणसाचे नाव कोठेच नाही.

रात्रीच्या टपालाच्या इतिहासात एक काळी रात्र आहे, ती वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५३ च्या डिसेंबरात, १२ तारखेस, मद्रासच्या वाटेवरची डकोटा सोनेगावहून उड्डाण करताच एक इंजिन बंद पडून कोसळली आणि जळाली. दहा प्रवासी व तीन कर्मचारी असे तेरा जण गेले. एकटा वैमानिक वाचला. मृतांपैकी एकाच्या पत्नीने, श्रीमती माधुरी चौधरी यांनी, महामंडळावर नुकसानभरपाईचा दावा लावला. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने अखेर तिकिटावर छापलेल्या अटीच्या आधारे महामंडळास जबाबदारीतून मुक्त केले, आणि तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना करारातील सूट-कलमांचे उदाहरण म्हणून आजही वाचावा लागतो. मला त्या निकालातील तर्क पटला तरी त्याचा न्याय पटलेला नाही. पण तो विषय येथला नव्हे. उड्डाणानंतर काही सेकंदांत इंजिन जाणे हे वैमानिकाच्या आयुष्यातील सर्वांत वाईट संकट आहे, आणि क्लबाचा शिक्षक दर दोन-चार धड्यांमागे एकदा, विद्यार्थी नुकताच वर चढत असता, न सांगता थ्रॉटल मागे ओढतो तो त्यासाठीच. एका इंजिनाच्या छोट्या विमानात उत्तर एकच: नाक खाली, सरळ समोर, मागे वळायचे नाही. मागे धावपट्टी खुणावीत असते आणि उंची नसते. वळणाऱ्यांची संख्या मोठी आहे व परतलेल्यांची लहान. दोन इंजिनांच्या डकोटाचे गणित निराळे आणि अधिक गुंतागुंतीचे, तेव्हा त्या रात्रीविषयी दुरून निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढे काळ पालटला. १९८५ साली उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी निघाली. आमच्या विदर्भातच, गोंदियाजवळ बिरसी येथे, महायुद्धकाळी इंग्रजांनी बांधलेल्या धावपट्टीवर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तेथे विमाने नवी, पडद्यांवर चित्रे, आणि जमिनीवर बसून उड्डाणाचा भास देणारी यंत्रे आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांची अट आहे, आणि त्यातील पहिले तास आजही ड्युअलचेच. याच बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेले एक शिकाऊ विमान १८ मार्च २०२३ रोजी शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले, तेव्हा त्यात एक तरुण शिक्षक आणि एक विद्यार्थिनी होती. दोघेही वाचले नाहीत. वृत्तपत्रांनी दोन दिवस छापले.

नागपूर फ्लाइंग क्लबाचा कारभार पुढे शासनाकडे आला, विभागीय आयुक्त त्याचे अध्यक्ष झाले, आणि मधली काही वर्षे त्याची उड्डाणे बंदच राहिली. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे मंजूर मुख्य उड्डाण प्रशिक्षक नेमलेला नसेल तर कोणत्याही क्लबास प्रशिक्षण देता येत नाही, मग हँगरात विमाने कितीही असोत. त्यामुळे क्लब पुन्हा सुरू करण्याच्या खटाटोपात यंत्रांच्या दुरुस्तीइतकाच वेळ नेमणुकीच्या कागदांना लागला. जाहिराती निघाल्या, अर्ज मागविले गेले. अशा जाहिरातीत पात्रतेचे रकाने असतात: वय, शिक्षण, शिक्षकाच्या दाखल्याचा वर्ग, एकूण उड्डाणाचे तास, आणि त्यांपैकी शिकविण्याचे तास. शेवटचा आकडा अर्जदाराने स्वतःच्या लॉगबुकातून बेरीज करून लिहावयाचा असतो, प्रत्येक पानाच्या साक्षांकित प्रतींसह.